पाणी गेल्यावरची कालवं

गहिनीने कागदासोबत शाईचं पॅड आणलं, तिथंच माझं डोकं फिरलं. कागद आणला त्याचं एवढं नव्हतं. कागद येणार हे मला महिनाभर आधीच ठाऊक होतं. आमच्या गावचे पुढारी अर्जुनराव, त्यांनी एखादी गोष्ट मनात धरली की ती कुणाच्या ना कुणाच्या हातून दारात येतेच; फक्त ती माझ्या पोटच्या पोराच्या हातून येईल असं वाटलं नव्हतं. दुपारची वेळ होती. बीडमध्ये ज्या मेसवर मी भाकऱ्या थापते, तिथली पोरं जेवून क्लासला पांगली होती आणि मी परातीला चिकटलेलं पीठ खरवडत होते. गहिनी आत आला, ओटा फडक्यानं पुसला, कागद ठेवला आणि खिशातून ते निळ्या झाकणाचं पॅड काढून कागदाच्या शेजारी लावलं. अगदी नीट, हापिसातल्या बाबूसारखं. "आई, इथं खाली," म्हणाला. मी म्हटलं, "हे कशाला?" "अंगठ्याला." बावीस वर्षांचा घोडा झाला, माझं बँकेचं पासबुक शंभरदा हातात धरलं असेल त्यानं. मला सही येते. मंजुळा शहादेव सांगळे, एवढी दहा अक्षरं मी सात वर्षांपूर्वी शिकले, पाटी फुटेस्तोवर गिरवून शिकले, आणि शिकताना हाच पोरगा शेजारी बसून हसत होता. तो विसरला असेल असं नाही. अर्जुनरावांच्या माणसानं पॅड हातात दिलं आणि ह्याला म्हणावंसं वाटलं नाही की माझी आई सही करते. एवढंच. पण माझ्या छातीत कुणीतरी कोपर मारावं तसं ते लागलं. मी हात धुतले आणि म्हटलं, "परवा मी दौऱ्यावर चाललेय. कोकणात. आल्यावर बघू." तो म्हणाला, "कोकणात कशाला? तुमच्या तळ्यात पाणी न्हाई, अन तुमी समुद्र बघायला चालल्या?" मी म्हटलं, "व्हय, समुद्र बघायला."

कागदावर काय होतं ते सांगते. आमची संस्था आहे, आष्टीकडच्या आमच्या गावच्या पाझर तलावावर, बायकांची मच्छीमार सहकारी संस्था. ती गुंडाळायचा ठराव होता. आम्ही आपणहून सोडली तर तलाव अर्जुनरावांच्या पोराच्या संस्थेला मिळणार. नाही सोडली तर ठेक्याची अजून दोन वर्षं तो आमचा. अर्जुनरावांना मासे नको होते. त्यांना तळातला काळा गाळ मोसंबीला हवा होता, आणि उद्या पाऊस पडला तर पाण्यावर मोटारी बसवायच्या होत्या. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती, ते स्वतःच चारचौघांत सांगत. बाकीच्या तेरा बायकांनी त्यांना एकच उत्तर दिलं होतं, मंजुळा करील तसं आम्ही करू. म्हणून सगळं येऊन माझ्या एका सहीवर अडलं होतं. आणि माझ्या सहीच्या मोबदल्यात गहिनीला अर्जुनरावांच्या कॉलेजात शिपायाची जागा. पोलीस भरतीत दोनदा तो धावण्यात मागं पडला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा बूट न काढता तसाच भिंतीकडं तोंड करून झोपला, आणि मी त्याचे बूट काढले, मोजे काढले, तळवे बघितले. सोलून निघाले होते. मला काय कळत नाही असं नाही. आईला सगळं कळतं, म्हणून तर तिला गाठतात.

पण ही संस्था काय आहे, ते गहिनीला कधी कळलंच नाही. ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ पैशांची उचल कोयत्याला, खोपी कोयत्याला, शिवी पण कोयत्यालाच. मी अकरा पट्टे, म्हणजे तोडीचे अकरा हंगाम, शहादेवबरोबर केले. तो तोडायचा, मी मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायची, आणि तो दमला की कोयता माझ्या हातात. गहिनी फडातच रांगला, पाचटात झोपला. मग एका पहाटे ट्रॉली उलटली. शहादेव वर उसावर झोपलेला होता. त्या वर्षी दसऱ्याला त्रिंबक मुकादम नेहमीसारखा दारात आला, बसला, मी चहा दिला, आणि फुर्रकन एक घोट घेऊन तो म्हणाला, "वहिनी, अर्ध्या कोयत्याला काम न्हाई बगा. कुनी जोडीला भेटतंय का ते बगा, मंग बोलू." वाईट मनानं नाही म्हणाला. जसं चाक नसलेली गाडी जुंपता येत नाही, तसं सांगितलं. मी त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली. अर्धा चहा होता तिच्यात, तो अंगणात ओतला. त्या क्षणापर्यंत मला कधी वाटलं नव्हतं की मी अर्धी आहे. दोन्ही हात, दोन्ही पाय, अकरा पट्ट्यांच्या मोळ्या मानेवर. आणि नंतर कितीतरी दिवस मी रस्त्यानं चालताना डाव्या बाजूला जागा सोडून चालायची. ते कळलं तेव्हा स्वतःचाच संताप आला.

गावात अशा अर्ध्या चौदा निघाल्या. विधवा, टाकलेल्या, एकीचा नवरा पांगळा. त्याच चौदांची संस्था झाली. गावानं नाव ठेवलं, अर्ध्या कोयत्यांची संस्था. ठेवा. बीडच्या हापिसात नोंदणीला गेलो तेव्हा तिथल्या साहेबानं आमची नावं एकेक वाचली आणि वहीत लिहिली, सभासद क्रमांक एक, सभासद क्रमांक दोन. मी वाकून बघत होते. अर्धी सभासद लिहायची सोयच नव्हती त्या वहीत. एक नाव, एक भाग, एक मत. साहेब म्हणाला, "बाई, अंगठा की सही?" आणि मी म्हटलं, "सही." त्या दिवशी आष्टीच्या गाडीत बसले तेव्हा शेजारच्या बाईला म्हटलं, जरा सरा तिकडं. पुरी जागा घेऊन बसले.

दोन वर्षं मासे निघाले. कटला, रोहू. दगडाबाई, आमच्यातली सगळ्यांत म्हातारी, गळ्यात तुळशीची माळ, मासा पाटीत घालताना तोंड फिरवायची, पण पाटी तीच सगळ्यांत भरून उचलायची. म्हणायची, "खाल्ल्यानं पाप लागतंय. इकल्यानं न्हाई." मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी तलाव अर्ध्यावर आला, दुसऱ्या वर्षी डबकं राहिलं, तिसऱ्या वर्षी तळाला भेगा. बायका पांगल्या, कुणी आष्टीच्या बाजारात, कुणी चारा छावणीवर, मी बीडला भाकऱ्यांवर. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी चौदाजणी बांधावर जमायच्या. सावित्री आमची सचिव, दहावी झालेली, तिला नवऱ्यानं टाकलंय. ती रजिस्टर उघडायची आणि लिहायची : तलावात पाणी नाही. सभा झाली. मग आम्ही सह्या-अंगठे करायच्या, एकमेकींची हालहवाल घ्यायच्या, आणि परत. चौतीस महिने तेच एक वाक्य. गहिनी म्हणतो, ह्याला काय अर्थ आहे. नसेल. मला त्याचा अर्थ सांगता येत नाही, म्हणून तो नाहीच असं थोडंच आहे.

दौरा एका संस्थेनं काढला होता, दुष्काळी भागातल्या बायकांना दुसरीकडचे धंदे दाखवायचे म्हणून. कोल्हापूरवरून घाट उतरून, खाडीवर बायका कालवं, म्हणजे शिंपल्यातला खायचा जीव, पाळतात ते बघायचं. आम्ही तिघी गेलो. मी, सावित्री आणि दगडाबाई. दगडाबाईनं पाच लिटरचा कॅन घेतला भरून. सावित्री म्हणाली, "अगं आत्या, तिकडं पाणीच पाणी हाय." ती म्हणाली, "असंल. आपलं आपल्याजवळ बरं." कागद माझ्या पिशवीत होता, घडी घालून, आणि गहिनीनं वरून ते पॅडही घातलं होतं. कोल्हापूरच्या अलीकडं गाडी उसातून जायला लागली. दोन्ही बाजूंनी हिरवागार ऊस, पाटाला पाणी, आणि मळीचा तो वास, आंबूस-गोड, खिडकीतनं आत शिरला आणि माझ्या मानेवरची जुनी जागा दुखायला लागली. खरंच दुखायला लागली. मी हात फिरवून बघितला. एका फडाच्या कडेला खोप्या दिसल्या. एक बाई मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढत होती आणि खाली तिचं लेकरू बैलाच्या गोंड्याशी खेळत होतं. ती आमच्याकडची असणार. कदाचित आमच्या गावचीच. मला ओरडून तिला काहीतरी सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार होते? गाडी पुढं गेली. अशा एका फडात गहिनीला ताप आला होता, सहा वर्षांचा होता, आणि तो म्हणत होता, आई, मी मोठा झालो की बसून काम करणार. शिपायाची जागा बसूनच असते. दाराशी खुर्ची टाकून. हे आठवलं आणि पिशवीतला कागद मांडीला टोचायला लागला. वाटलं, करून टाकावी सही. काय ठेवलंय त्या भेगांत? पोराला एक खुर्ची मिळत असेल तर त्या आटलेल्या तळ्याचं लोणचं घालायचंय का मला? घाट उतरेपर्यंत माझं जवळजवळ ठरलं होतं. खोटं कशाला बोलू.

खाडीवर पोचलो तेव्हा सकाळचे अकरा झाले असतील. नारळांमधून खाली उतरलो आणि तिघीही थांबलो. पाणी नव्हतं. पार पलीकडच्या काठापर्यंत नुसता काळा चिखल, मध्ये एक पाण्याची बारीक रेघ, होड्या कलंडून पडलेल्या. चिखलात बांबूचे खांब रोवलेले, त्यांच्यावर आडव्या काठ्या, आणि काठ्यांना लटकवलेल्या दोरांवर दगडासारखे ओबडधोबड गोळे. चिखल मी ओळखते. तलाव मरायला लागतो तेव्हा पहिल्यांदा असाच दिसतो, असाच वास येतो, आणि पक्षी असेच उड्या मारत येतात. दगडाबाई म्हणाली, "आटली की गं हीबी." आणि आमचं मेलं डोकं बघा, एकीच्याही मनात दुसरं काही आलं नाही. दगडाबाईनं पदर खोचला, चपला काढल्या, चिखलात उतरली, आणि खाली बसून दोन्ही हातांनी झिरा उकरायला लागली. आमच्याकडं पाणी गेलं की हेच करतात, तळ उकरायचा, आत पाझरतं ते वाटीनं भरायचं. मीही उतरले. मला विचार करायला वेळच लागला नाही, हात आपोआप चालले. कोपरभर खड्डा झाला, पाणी आलं, गढूळ. दगडाबाईनं ओंजळ तोंडाला लावली आणि थू करून टाकली.

"काय गो आजी, काय शोधतंस?" मागनं हसत आवाज आला. ती ताराबाई. कालवांची शेती तिच्या गटाची होती. माझ्याच वयाची, साडी गुडघ्यापर्यंत वर, हातावर पांढऱ्या चऱ्यांच्या खुणा.

"पानी," दगडाबाई म्हणाली.

"पाणी गेला. येतला."

"कधी?"

"तीनाक."

"कुनी सांगितलं?"

ताराबाईला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "सांगूक कित्या होया? रोज जाता, रोज येता."

सावित्री हसायला लागली, ताराबाई हसायला लागली, आणि दगडाबाई चिखलाच्या हातांनी तशीच बसून राहिली. मला हसू आलं नाही. मला राग आला. इतका राग की कानशिलं तापली. रोज जातं, रोज येतं, आणि येण्याची वेळ ठरलेली. ह्या बायकांना माहीतच नाही की पाणी जातं म्हणजे काय. आमचं गेलं ते चौतीस महिने झाले, आणि आम्ही त्याच्यासाठी काय नाही केलं, धोंडी काढली, उपास केले, टँकरमागं धावताना गुडघे फोडून घेतले. इथं हे खारट, कुणाच्या तहानेच्या कामाचं नाही, ते दिवसातनं दोनदा न बोलावता येतं. देवाला काही हिशेब कळतो की नाही? मी ताराबाईला तोडून बोलणार होते. पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसायची थांबली. म्हणाली, "दुष्काळातली मा तुमी? चला, सावलीत चला. पेज घेवा पयली." मग मला तिच्यावर रागावताही येईना, आणि तोही राग तसाच अंगात राहिला.

जेवण झाल्यावर तिनं आम्हाला खांबांमधून फिरवलं. जुनी, मेलेल्या कालवांची शिंपलं दोरात ओवून पाण्यात टांगतात, त्यांच्यावर नवं बी येऊन चिकटतं. एकदा चिकटलं की कालव जन्मात जागा सोडत नाही. ती एक दोर उचलून दाखवत होती आणि मी बघत होते ते त्यांची तोंडं. उन्हात, पाण्याबाहेर, सगळी कालवं मिटलेली. घट्ट. मी नखानं फट शोधली, सापडली नाही. ताराबाईनं दोन कालवं एकमेकांवर वाजवली, टक्, भरीव आवाज. मग एक वेगळं उचललं, वाजवलं, पोकळ वाजलं, ते तिनं न बघता पाटीबाहेर टाकलं. "ह्या मेला," म्हणाली.

मी विचारलं, "पाणी न्हाई तवा हे काय करत्यात?"

"काय करतली? तोंड मिटून रवतत. आतला पाणी धरून. ज्या उघडा रवला ता मेला."

"अन पाणी आलंच न्हाई तर?"

खोटं बोलणारी बाई नव्हती ती. "ता माका ठावक नाय गो," म्हणाली. "आमचा येता."

मग तिनं कालव फोडायला दिलं. आखूड पात्याची जाड सुरी. मी तिला सांगून ठेवलं होतं की मी ऊसतोडीची आहे, कोयता हातात धरून म्हातारी झाले, मला शिकवायला लागत नाही. डाव्या हातात कालव धरलं आणि उसाच्या बुडख्यावर घालावा तसा घाव घातला. शिंपलाचा टवका उडाला, पातं सटकलं आणि डाव्या अंगठ्यात खोल गेलं. ताराबाईनं सुरी काढून घेतली. "मारू नको गो. ऊस न्हय तो. बिजागरी शोध, थय टोक घाल नि पिरगळ." तिनं करून दाखवलं, आवाज न होता उघडलं, आत राखाडी मऊ जीव आणि त्याच्याभोवती चमचाभर पाणी. तेवढंच. तेवढ्या पाण्यावर ते उन्हात बसलं होतं. दगडाबाई माळेला हात लावून म्हणाली, "मिटव गं बाई ते, मिटव," पण एकदा उघडलेलं कसं मिटणार? ताराबाईनं माझ्या अंगठ्यावर खारं पाणी ओतलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली.

काठावर बसून मी त्या अंगठ्याकडं बघत होते. अर्ध्या कोयत्याला काम नाही, असं त्रिंबक म्हणाला होता. आणि बाकीच्यांनी शब्द बदलून तेच म्हटलं होतं. पाणी गेलं, आता तुम्ही उघडा, तुम्ही सोडा. कावून? आमचं पाणी गेलं ते आमचं गेलं. जागा कुठं गेली? ते कालव चार-पाच तास मिटून बसतं, त्याला भरतीची खात्री असते. मला कसली खात्री आहे? काहीच नाही. पाऊस पडेलच असं मला कुणी लिहून दिलेलं नाही. म्हणजे माझं बसणं त्या कालवापेक्षा जास्त हट्टाचं आहे, आणि आहे तर आहे. माझ्या हट्टाला मी का लाजायचं? ह्या विचारानं मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले. लगेच गहिनीचे सोललेले तळवे आठवले. दोन्ही खरं होतं. मला दोन्हीतलं एकही खोटं पाडता येईना.

तीनला पाणी आलं. आवाज नाही, गाजावाजा नाही. आधी मधली रेघ रुंद झाली, मग चिखलातले खड्डे भरले, दगडाबाईनं उकरलेला झिरा भरून दिसेनासा झाला, होड्या उठून उभ्या राहिल्या. तासाभरात कालवं सगळी पाण्याखाली. दगडाबाई एकटक बघत होती. मग ती उठली, कॅनमधलं उरलेलं बीडचं पाणी आम्हा दोघींना पाजलं, थेंब सांडू दिला नाही, आणि रिकामा कॅन खाडीत बुडवून गच्च भरून घेतला. सावित्री म्हणाली, "आत्या, खारं हाय ते." "ठावं हाय," ती म्हणाली. "बाकीच्या अकरा जनींना दावायला नगं का? येतंय म्हनून."

परतीच्या गाडीत मी सावित्रीला म्हटलं, "मला एक शबुद शिकव." मला फक्त माझं नाव लिहिता येतं. तिनं विचारलं, कुठला. मी सांगितला. तिनं दौऱ्याच्या पत्रिकेच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत काढून दिला. ना, मग म वरचं टिंब, ते जू... मी घाट चढेस्तोवर गिरवला, उसाच्या गावांतून गिरवला, गाडी हादरली की अक्षरं भलतीकडं पळायची. डाव्या हातानं कागद दाबून धरला होता, पट्टीतनं रक्त पाझरून कोपऱ्याला लागलं. सावित्री म्हणाली, "अन गहिनी?" मी गिरवत राहिले.

रविवारी बांधावर सभा. आमच्या चौदाजणी, आणि ह्या वेळी अर्जुनराव स्वतः. जीप बांधाखाली, त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची, मागं त्रिंबक मुकादम, आणि त्रिंबकच्या शेजारी गहिनी, नवा शर्ट घातलेला. नवा शर्ट बघून माझा जीव गलबलला. कुणी घेऊन दिला असेल? दगडाबाईचा कॅन मध्ये ठेवला होता, बायका बोट बुडवून चाखत होत्या आणि तोंडं वाकडी करत होत्या. अर्जुनरावांनी त्याच्याकडं बघितलं, विचारलं काही नाही. ते माणूस म्हणून गोड बोलतात. "मंजुळाबाई," म्हणाले, "तलावात पानी न्हाई, मासे न्हाईत. संस्था कशाची चालवताव? नुसतं बसून काय भेटतंय तुमाला? पोराचं भलं होतंय, गावाचं होतंय. सोडा आता." मी गप्प. ते अजून काही बोलले. तोंड मिटून बसायचं एवढं मी ठरवून आले होते. पिशवीतून कागद काढला, पॅड काढलं, दोन्ही गुडघ्याशी ठेवलं. गहिनी पुढं आला. उकिडवा बसला, पॅडचं झाकण त्यानं उघडलं, आणि माझा डावा हात धरला. मग पट्टी बघितली. "काय झालं गं?" एकदम लहानपणीचा आवाज निघाला त्याचा. "कापलं," मी म्हटलं. मागनं त्रिंबक म्हणाला, "दुसरा अंगठा चालतो की."

मी अर्जुनरावांकडं बघितलं आणि म्हटलं, "पेन द्या."

त्यांनी खिशाचा पेन काढून दिला. भारी होता, जड. मी कागद रजिस्टरवर ठेवला आणि ठरावाच्या बरोबर मधोमध, छापलेल्या ओळींवरनं, लिहायला घेतलं. वेळ लागला. जू उभा राहीना, तो मी दोनदा जाड केला. मग खाली पुरी सही, दहा अक्षरं, मंजुळा शहादेव सांगळे. सावित्रीनं कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला, "नामंजूर." दगडाबाई म्हणाली, "माझंबी तेच लिव्ह." मग मागनं रतनबाई म्हणाली, माझं पण. मग कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, सावित्री नुसती लिहीत गेली.

अर्जुनराव उठले. पेन मी त्यांना दोन्ही हातांनी परत दिला. ते हळू म्हणाले, "पोराचा इचार केला न्हाईस, मंजुळा." नेमकं तिथंच मारलं, जिथं सोललेलं होतं. मी म्हटलं, "केला. रातभर केला. अन तुमी काळजी नगा करू, तळ्यात पानी आलं की सांगावा धाडते, मासे खायाला या." बायका हसल्या, मी नाही हसले. जीप गेली. गहिनी तिच्यात बसला नाही, पण माझ्याजवळही आला नाही. मग त्यानं खाली वाकून पॅडचं झाकण लावलं, खटकन, ते खिशात न घालता तिथंच मातीत ठेवलं, आणि म्हणाला, "आई, माझं वाटोळं केलंस तू." मी म्हटलं, "केलं असंल. पर अर्ध्या बाईच्या पोटचा म्हनून तुला खुर्ची मिळवायची न्हवती मला." त्याला ते कळलं की नाही ठाऊक नाही. तो बांधावरनं सडकेला लागला, रिकामे हात, नवा शर्ट, आणि माझं काळीज त्याच्यामागं गेलं. मी गेले नाही.

सावित्रीनं रजिस्टर उघडलं. "काय लिहू?" मी म्हटलं, नेहमीचंच. तिनं लिहिलं, तलावात पाणी नाही, सभा झाली, आणि चौदाजणींनी सह्या-अंगठे केले. अंगठ्यांना पॅड कामाला आलं. मग दगडाबाईचा कॅन मी उचलला आणि आम्ही दोघी बांध उतरून तळात शिरलो, भेगांवरनं पाय टाकत, सरळ पलीकडच्या आमच्या गावाकडं. तळ्यातनं गेलं की घर जवळ पडतं. पाणी आलं की लांबनं जावं लागेल, जाऊ.